साथीला कोण होतं?

२०२५ च्या जून महिन्यात कॅरोल केय यांनी जाहीर केलं, की ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ ही अमेरिकेतली संस्था देत असलेला मान घ्यायला आपण जाणार नाही. बाई तेव्हा नव्वद वर्षांच्या होत्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये त्यांनी आधी गिटार आणि मग बास गिटार वाजवली, हजारो रेकॉर्डिंगमध्ये. बीच बॉइज या बँडच्या १९६६ च्या ‘पेट साउंड्स’ या अल्बममध्ये त्यांची बास आहे, आणि त्या काळात अमेरिकेच्या रेडिओवर जे वाजत होतं त्यातल्या कितीतरी गाण्यांत ती आहे. गाणी जगाला पाठ झाली. बाईंचं नाव मात्र फक्त धंद्यातल्या लोकांना माहीत राहिलं.

नकाराची त्यांनी दिलेली कारणं मला महत्त्वाची वाटतात. त्या काळच्या स्टुडिओवादकांच्या जथ्याला नंतर जे टोपणनाव चिकटवण्यात आलं, ते त्यांना अपमानास्पद वाटतं. आणि स्टुडिओतला वादक हा नेहमी एका संघाचा भाग असतो, त्याच्या कामाचं खरं रूप या सोहळ्यात दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. हॉलनं नोव्हेंबरमध्ये त्यांचं नाव यादीत घातलंच. त्या गेल्या नाहीत.

या हॉलमध्ये कोणाला घ्यावं यावर दरवर्षी भांडणं होतात. रॅप म्हणजे रॉक का, कंट्री गाणारीला इथे का बोलावता, बायका इतक्या कमी का, अमुक बँड वीस वर्षं दाराबाहेर का उभा आहे. ही भांडणं फुकाची नाहीत. बायकांचा प्रश्न तर अगदी खरा आहे: १९८६ च्या पहिल्या यादीतल्या दहा कलावंत-नावांमध्ये एकही स्त्री नव्हती, अरेथा फ्रँकलिनसारख्या गायिकेला १९८७ ची वाट पाहावी लागली. पण या सगळ्या वादांमध्ये एक गोष्ट दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेली असते. ती म्हणजे संगीतकार म्हणजे कव्हरवर ज्याचं नाव आहे तो. माझा वाद या गृहीतकाशी आहे. जो आवाज चारजणांनी मिळून घडवला, त्याचा मान एकाला देणं म्हणजे संगीताचा इतिहासच चुकीचा लिहिणं. अशा साथीदारांना मुख्य कलावंताच्याच यादीत, त्याच दिवशी, त्याच नावानं जागा मिळाली पाहिजे.

आधी हा हॉल चालतो कसा ते थोडक्यात सांगतो. ॲटलांटिक रेकॉर्ड्सचे अहमेत एर्तेगुन यांच्या पुढाकारानं १९८३ मध्ये संस्था स्थापन झाली. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडला, ईरी सरोवराच्या काठी, वास्तुरचनाकार आय. एम. पेई यांनी आखलेलं संग्रहालय १९९५ मध्ये उघडलं. पहिलं व्यावसायिक रेकॉर्डिंग होऊन पंचवीस वर्षं झाली की कलावंत पात्र ठरतो. एक छोटी समिती नावं सुचवते आणि कलावंत, इतिहासकार, धंद्यातली माणसं अशा हजाराहून अधिक लोकांच्या मतदानातून निवड होते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची मुख्य यादी वेगळी, निर्माते वगैरेंची वेगळी, पूर्वसुरींची वेगळी.

आता १९५४ चा जुलै महिना घ्या. मेम्फिसच्या सन स्टुडिओत चार माणसं आहेत. एल्विस प्रेस्ली गातोय, स्कॉटी मूर गिटारवर आहे, बिल ब्लॅक उभ्या बासवर आहे आणि काचेपलीकडे सॅम फिलिप्स रेकॉर्ड करतोय. ड्रम नाहीत. त्या दिवशी जो आवाज निघाला त्यात गाणाऱ्याच्या गळ्याइतकाच मूरच्या तारांचा आणि ब्लॅकनं बासवर मारलेल्या थापांचा वाटा आहे. ते रेकॉर्डिंग आज लावून पाहा, पंधरा सेकंदांत पटेल. या चौघांपैकी एल्विस आणि फिलिप्स १९८६ मध्ये, पहिल्याच वर्षी हॉलमध्ये गेले. मूर गेला २००० मध्ये. ब्लॅक गेला २००९ मध्ये, मरून त्रेचाळीस वर्षं उलटल्यावर. ज्यानं एक सूरही वाजवला नाही तो मालक आधी, आणि ज्यानं वाजवला तो तेवीस वर्षांनी. फिलिप्सचं श्रेय मला कमी करायचं नाही, त्याचा कान मोठा होता. पण क्रम पाहिला की कोणाच्या कामाला काम म्हणायचं हे या संस्थेनं कसं ठरवलं ते कळतं.

याच्या शेजारी बीटल्स ठेवा. ते १९८८ मध्ये चौघंही एकदम गेले. रिंगो स्टार ड्रमवर बसून आत गेला, आणि एल्विसचा ड्रमवादक डी. जे. फोंटाना २००९ पर्यंत थांबला. पाचगणीच्या शाळेत असताना पहिला बँड काढणारा फ्रेडी मर्क्युरी, त्याचीही २००१ मध्ये एकट्याची निवड झाली नाही. त्याच्या क्वीन या बँडचे चारही जण गेले, बासवाला जॉन डीकनसुद्धा. मग फरक कशाचा पडला? वाजवण्याच्या दर्जाचा नाही. बँडला सामाईक नाव होतं की गाणाऱ्याचं नाव बँडला दिलं होतं, एवढाच फरक. रेकॉर्ड कंपनीनं विक्रीच्या सोयीसाठी जे नाव पुढे केलं, त्यावरून तीस वर्षांनी इतिहासातली जागा ठरली.

हॉललाही हे कळलं, पण उशिरा. २००० मध्ये त्यांनी ‘साइडमन’ म्हणजे साथीदार असा वेगळा वर्ग काढला. त्या वर्षी मूर, हाल ब्लेन, अर्ल पामर, किंग कर्टिस आणि जेम्स जेमरसन आत गेले. पुढे २०१० मध्ये त्या वर्गाचं नाव बदलून सांगीतिक गुणवत्तेचा पुरस्कार असं केलं. २०१२ मध्ये एक समिती बसवून सहा गट एकदम घेतले. बडी हॉली १९८६ मध्ये गेला होता, त्याचे क्रिकेट्स आता गेले. जेम्स ब्राउनचे फेमस फ्लेम्स, बिल हेलीचे कॉमेट्स, स्मोकी रॉबिन्सनचे मिरॅकल्स, जीन व्हिन्सेंटचे ब्लू कॅप्स, हँक बॅलर्डचे मिडनायटर्स. संस्थेनं स्वतःची चूक दुरुस्त करणं सोपं नसतं आणि त्याबद्दल मी त्यांना मानतो. पण तोपर्यंत त्यातली किती माणसं उरली होती?

गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं उदाहरण त्याहून बोचतं. तो १९९९ मध्ये एकटा गेला. त्याच्या ई स्ट्रीट बँडला २०१४ मध्ये जागा मिळाली. दरम्यान ऑर्गनवाला डॅनी फेडेरिची २००८ मध्ये आणि सॅक्सोफोनवाला क्लॅरेन्स क्लेमन्स २०११ मध्ये वारला. १९९९ च्या सोहळ्याआधी बँडमधला स्टीव्ह व्हॅन झँट घरी येऊन, बँडसाठी अडून बस, असं सांगून गेला होता, हे स्प्रिंगस्टीननं २०१४ च्या सोहळ्यात व्यासपीठावरूनच सांगितलं. ज्याच्या नावावर मान मिळतोय त्याच्या हातात त्या क्षणी थोडी ताकद असते. ती वापरली गेली नाही, आणि ज्याच्या सॅक्सोफोनशिवाय ती गाणी ओळखूच येणार नाहीत त्या माणसानं तो दिवस पाहिला नाही.

जेमरसनबद्दल मात्र मला थांबून लिहायलाच हवं. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ एका साध्या घरात होता. तिथे दिवसरात्र खपणारे वादक स्वतःला फंक ब्रदर्स म्हणवत. जेम्स जेमरसन त्यांचा बासवादक. उजव्या हाताच्या एकाच बोटानं, तर्जनीनं, तो वाजवायचा. त्याच्या आधी नाचाच्या गाण्यांत बासचं काम ठोका धरून ठेवण्याचं होतं. यानं त्या चार तारांवर दुसरं गाणंच गायला सुरुवात केली. गायक एका ओळीवर थांबला की हा खालून चढत जायचा, सम यायच्या आत वळसा घ्यायचा आणि नेमक्या जागी उतरायचा. आपल्याकडे उत्तम तबलजी गायकाच्या गाण्यातल्या जागा भरतो, पण गाणं झाकत नाही, ती जाण या माणसाकडे होती. आज जगात कुठेही बास गिटार शिकणारा पोरगा, त्याला नाव माहीत असो वा नसो, जेमरसनकडूनच शिकत असतो.

मोटाउनच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापत नसत. ती पहिल्यांदा छापली गेली १९७१ मध्ये, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर. तोवर कंपनीची कितीतरी गाणी पहिल्या क्रमांकावर जाऊन आली होती. १९७२ मध्ये कंपनीनं मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला आणि डेट्रॉइटचे वादक मागे उरले. १९८३ मध्ये कंपनीच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला. जेमरसनला बोलावणं नव्हतं. काळ्या बाजारातलं तिकीट काढून तो वर बाल्कनीत बसला होता, असं त्याच्या चरित्रात सांगितलं जातं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी तो वारला. हॉलमध्ये कंपनीचा मालक बेरी गॉर्डी १९८८ मध्ये गेला. मार्विन गे १९८७ मध्ये, सुप्रीम्स १९८८ मध्ये, टेम्प्टेशन्स आणि स्टीव्ही वंडर १९८९ मध्ये, फोर टॉप्स १९९० मध्ये. गाणी लिहिणारे त्रिकूटही १९९० मध्येच. जेमरसन २००० मध्ये, ड्रमवाला बेनी बेंजामिन २००३ मध्ये. फंक ब्रदर्स हा गट म्हणून आजही आत नाही.

यावर एक उत्तर हमखास येतं: पुढे उभा राहणारा जोखीम घेतो. गाणं पडलं तर त्याचं नाव बुडतं, साथीदाराला त्याची बिदागी मिळालेलीच असते. शिवाय हा हॉल ‘फेम’चा आहे, प्रसिद्धीचा. प्रसिद्ध नसलेल्याला तिथे कशाला न्यायचं? या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. लोक ज्याला पाहायला तिकीट काढतात, त्याच्यात काहीतरी असतंच. पण मग संस्थेनं सरळ विक्रीचे आकडे लावावेत, मतदान कशाला घ्यायचं? संगीतावर कोणाचा प्रभाव पडला, कोणाचं काम टिकलं, हे निकष ही संस्था स्वतःच सांगते. त्या निकषांवर जेमरसन कोणत्या गायकापेक्षा कमी भरतो, हे कोणी मला सांगावं. आणि जोखमीचं म्हणाल तर म्हातारपणी पेन्शन नाही, रॉयल्टी नाही, गाणं पन्नास वर्षं वाजलं तरी एका बैठकीचे ठरलेले पैसे एकदाच. याला जोखीम नाही तर काय म्हणायचं?

वेगळा वर्ग काढणं हा मधला मार्ग मलाही एकेकाळी बरा वाटला असता. पण त्याचा परिणाम काय झाला ते दिसतंय. मुख्य यादीत जो बसत नाही, मतदानात ज्याला पुरेशी मतं मिळत नाहीत, त्याला त्या दारानं आत घेण्याची सवय लागली. नाइल रॉजर्सचा शीक हा बँड अकरा वेळा नामांकन होऊनही निवडला गेला नाही, मग २०१७ मध्ये एकट्या रॉजर्सला या वर्गातून घेतलं. त्याचा जोडीदार बर्नार्ड एडवर्ड्स, ज्याची बास ऐकून लोक नाचले, तो बाहेरच. म्हणजे साथीदारांसाठी काढलेल्या वर्गानंच एक साथीदार मागे ठेवला.

हे सगळं दूर अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणता येणार नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हाच प्रकार, याच काळात, जवळजवळ याच रीतीनं घडला. १९४९ च्या ‘महल’ची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव म्हणून पडद्यावरच्या पात्राचं नाव छापलं होतं: कामिनी. गाणं लता मंगेशकरांचं होतं. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली तेव्हा खरं नाव लोकांपुढे आलं. फिल्मफेअर पुरस्कारांमध्ये सुरुवातीला संगीतकाराला बक्षीस होतं, पार्श्वगायकाला नव्हतं. ज्या गाण्याच्या संगीताला बक्षीस, ते गाणं सोहळ्यात गायला लताबाईंनी नकार दिला, आणि १९५९ पासून गायकांसाठी पुरस्कार सुरू झाला. पहिला त्यांनाच मिळाला, ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी. आज पार्श्वगायक हा कलावंत आहे का, असा प्रश्न कुणी विचारणार नाही. सत्तर वर्षांपूर्वी विचारत होते. मान देण्याच्या सीमा दगडावर कोरलेल्या नसतात, कोणीतरी हट्ट धरला की त्या हलतात, हे त्यावरून मला दिसतं.

गायकांसाठी हट्ट धरणारी तेवढी मोठी व्यक्ती होती. वादक आणि संगीत संयोजकांसाठी नव्हती. संगीतकारानं पेटीवर चाल बांधली की पुढचं काम संयोजकाचं, म्हणजे ज्याला स्टुडिओत सगळे ॲरेंजर म्हणत त्याचं. व्हायोलिनचा ताफा कुठे शिरणार, बासरी कुठे उत्तर देणार, कडव्याआधीचा पीस काय असणार, हे सगळं तो पाश्चात्त्य नोटेशनमध्ये लिहून प्रत्येक वादकाच्या स्टँडवर ठेवायचा. हे काम मुंबईत फार मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या माणसांनी केलं. त्यालाही कारण आहे. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. नोटेशन घडाघडा वाचणारी माणसं फार कमी ठिकाणी तयार होत होती, त्यातलं एक म्हणजे गोव्यातली गावं.

सेबास्टियन डिसोझा त्यांतले. ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन या दोघांच्याही गाण्यांचं संयोजन त्यांनी केलं. दोन संगीतकारांच्या शैली किती वेगळ्या, आणि दोन्हींच्या मागे वाद्यमेळ लिहिणारा हात एकच. शंकर-जयकिशनच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘सहाय्यक’ म्हणून दोन नावं झळकत: दत्ताराम आणि सेबास्टियन. दत्ताराम वाडकरांनी ढोलकवर बसवलेला ठेका वादकांमध्ये ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच ओळखला जातो. म्हणजे धंद्यानं नाव दिलं, पुरस्कारांच्या याद्यांनी दिलं नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनवादक आणि संयोजक. प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. १९५८ मध्ये गोन्साल्विसांनी स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, हिंदुस्थानी रागसंगीत वाद्यवृंदासाठी लिहून पाहिलं. पण देशातल्या घराघरांत त्यांचं नाव पोहोचलं ते १९७७ च्या एका गमतीदार गाण्यामुळे, आणि ते नाव एका खऱ्या गुरूचं आहे, शिष्यानं कृतज्ञतेनं गाण्यात आणलेलं, हे बहुतेकांना वर्षानुवर्षं ठाऊक नव्हतं. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त ट्रम्पेट घेऊन दिसणारा चिक चॉकलेट निदान पडद्यावर तरी आला. बाकीच्यांचे चेहरेही कुणी पाहिले नाहीत.

आपल्या रागसंगीतानं हा प्रश्न पुष्कळ बरा सोडवला, हे सांगायलाच हवं. मैफलीच्या पत्रिकेवर तबल्याला कोण, पेटीला कोण, हे छापलेलं असतं. रसिक घरी येऊन त्यावरही बोलतात. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना साथ करणाऱ्या अहमदजान थिरकवाँना १९७० मध्ये पद्मभूषण मिळालं. तुळशीदास बोरकरांना पेटीसाठी २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. झाकीर हुसेन यांना २०२३ मध्ये पद्मविभूषण. तरी भारतरत्नापर्यंत गेलेली संगीतातली नावं पाहिली, सुब्बुलक्ष्मी, रविशंकर, लता मंगेशकर, बिस्मिल्ला खाँ, भीमसेन जोशी आणि भूपेन हजारिका, तर त्यात चार गाणारे आणि दोन स्वतंत्र वादन करणारे आहेत. साथीचा एकही नाही. मराठी भावसंगीतात ‘गीतरामायणा’च्या वाद्यमेळाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, त्या प्रभाकर जोगांना राज्य सरकारचा लता मंगेशकर पुरस्कार मिळाला, ही मला फार योग्य गोष्ट वाटते. पार्श्वभागी बसून काम केलेल्या माणसाला पुढच्या रांगेतल्यांचाच पुरस्कार देता येतो, वेगळा धाकटा पुरस्कार काढावा लागत नाही, हे त्यातून सिद्ध झालं.

आता सगळ्यात अवघड आक्षेप, आणि तो कॅरोल केय यांच्या म्हणण्यातूनच निघतो. काम संघाचं असेल तर त्यातला एक कसा निवडायचा? आणि कुणी काय वाजवलं हे ठरवायचं कुणी? मोटाउनच्या काही गाण्यांमधली बास आपली आहे, असं केय सांगत आल्या. जेमरसनचे सहकारी आणि अभ्यासक ते मानत नाहीत. दोन्ही बाजूंना आदर ठेवूनही हा वाद पूर्ण मिटत नाही, कारण त्या दिवशी तबकडीवर नावं लिहिली गेली नाहीत. वादकांवर झालेला पहिला अन्याय हा होता, पुरस्कार न मिळणं हा त्यानंतरचा. नावं नाहीत म्हणून मान नाही, आणि मान नाही म्हणून नावं शोधायची कुणाला गरज वाटत नाही.

पहिल्या भागाचं उत्तर मला सोपं वाटतं. निवडू नका. संघाला घ्या. फंक ब्रदर्सना ग्रॅमीच्या संस्थेनं २००४ मध्ये गट म्हणून जीवनगौरव दिला. नॅशव्हिलला वादकांसाठीच उभारलेल्या वेगळ्या हॉल ऑफ फेमनं त्यांना पहिल्याच तुकडीत घेतलं. जे तिथे जमलं ते क्लीव्हलँडला न जमण्यासारखं काही नाही. २०१२ मध्ये सहा गट एका दिवसात घेतले, तेव्हा काही मुख्य यादीची किंमत उतरली नाही.

दुसऱ्या भागाला मात्र मेहनत लागेल आणि वेळ थोडा आहे. १९७० च्या दशकात मुंबईच्या स्टुडिओंमध्ये व्हायोलिनच्या मागच्या रांगेत बसणारी पोरं आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्यापैकी काही मुंबईत आहेत, काही गोव्यात परतली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पणजीला कला अकादमी आहे. दोन्हीकडे माणसं आहेत, जागा आहे. या वादकांना एकेक करून बोलावावं, जुनी गाणी त्यांना ऐकवावीत आणि कुठला पीस कुणी वाजवला, कुणी लिहिला, शेजारी कोण बसलं होतं, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्यावं. दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर दोन्ही लिहावीत. पुढच्या वर्षी कुठल्याही सन्मानाच्या समितीपुढे एखाद्या संगीतकाराचं नाव जाईल, तेव्हा त्या कागदाच्या खाली ही यादीही जोडलेली असावी, आणि समितीनं ती वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नये.